संगणकाचा कोणता भाग बदलावा?

कापूस बाजारात गाड्या लागू लागल्या की आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ घरांत वर्षभर मागे पडलेल्या खरेदीची यादी बाहेर निघते. विहिरीवरचा पंप, घरावरचे पत्रे, कुणाच्या लग्नाचे कपडे. या यादीत अलीकडे आणखी एक नोंद दिसू लागली आहे, ती म्हणजे मुलाच्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड. दहावी-बारावीचे विद्यार्थी माझ्याकडे अपवर्तनाची उदाहरणे सोडवायला येतात आणि जाता जाता हळूच विचारतात, "सर, माझ्या संगणकावर खेळ अडखळतो. कोणता भाग बदलू?"

हा प्रश्न ऐकून आम्हा शिक्षकांपैकी बहुतेकांच्या कपाळावर आठ्या पडतात. खेळासाठी संगणक घेतला हेच आधी चुकले, आता त्यावर आणखी पैसे कशाला, असे आम्ही म्हणतो आणि विषय संपवतो. मला हे पटत नाही. मुलगा पैसे खर्च करणार हे बहुधा ठरलेलेच असते. आम्ही बोललो नाही तर त्याला सल्ला देणारे दोघेच उरतात, एक दुकानदार आणि दुसरा जाहिरातीतला आवाज. शिवाय हा प्रश्न सरळसरळ पदार्थविज्ञानाचा आहे. त्यात मोजमाप आहे, वेग आहे, उष्णता आहे, विद्युत्शक्ती आहे. नववीच्या पुस्तकातील गणितावर त्याचे निम्मे उत्तर निघते.

विद्यार्थी मित्रांनो, प्रथम हे लक्षात घ्या की 'खेळांसाठी खास' म्हणून जो तयार संगणक विकला जातो तो एका ठरावीक किमतीत बसवलेला असतो. त्याच्या खोक्यावर दोन नावे ठळक अक्षरांत छापतात, एक प्रोसेसरचे आणि दुसरे ग्राफिक्स कार्डाचे. गिऱ्हाईक तेवढेच वाचते हे कारखानदाराला ठाऊक असते. म्हणून काटकसर होते ती न छापलेल्या जागी. रॅमच्या दोन पट्ट्यांऐवजी एकच, एसएमपीएस जेमतेम पुरेल एवढा, पंखा लहान, आणि समोरच्या बाजूला हवेच्या जाळीऐवजी चकचकीत काच. असे प्रत्येक संगणकात असते असे नाही; परंतु स्वस्त संगणक उघडून पाहिला तर यातले एखाददुसरे बहुधा सापडते. म्हणजे अडखळण्याचे कारण खोक्यावर छापलेल्या भागातच असेल असे मानायला आधार नाही.

आता हिंगणघाटच्या कापूस बाजाराकडे या. हंगामात तेथे गाड्यांची रांग लागते. गाडी काट्यावर जाते, वजन होते, मग ती माल रिकामा करायला पुढे सरकते. समजा, काटा एकच आहे आणि एका गाडीच्या वजनाला सहा मिनिटे लागतात. तर तासाला दहाच गाड्या सुटणार. माल उतरवणारे हमाल दुप्पट केले तरी दहाच. तुम्ही गाडीला खिल्लारी बैल जुंपले किंवा नवा ट्रॅक्टर लावला तरी दहाच. मात्र दुसरा काटा बसवला की रांग झपाट्याने सरकू लागते, आणि थोड्याच वेळात असे दिसते की आता हमाल पुरत नाहीत. रांग संपत नाही, ती जागा बदलते. तिची सध्याची जागा ओळखणे म्हणजेच 'कोणता भाग बदलू' या प्रश्नाचे उत्तर शोधणे.

खेळ चालू असताना संगणकात दोन मुख्य कामगार एकामागून एक काम करत असतात. प्रोसेसर हिशेब करतो: कोण कुठे उभा आहे, चेंडू कोणत्या दिशेला चालला आहे, भिंत कुठे लागली. तो हिशेब तो ग्राफिक्स कार्डाकडे देतो, आणि कार्ड त्यावरून चित्र रंगवते. कार्ड एक चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या चित्राचा हिशेब धरतो. म्हणून एका चित्राला लागणारा वेळ हा दोघांच्या वेळांची बेरीज नसून त्यातील मोठ्या वेळाएवढा असतो.

आकडे घेऊन पाहू. प्रोसेसरला एका चित्रामागे १२ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला २५ मिलिसेकंद. दर २५ मिलिसेकंदांनी एक चित्र म्हणजे सेकंदाला ४० चित्रे. येथे कार्ड अडते आहे. त्याच्या दुप्पट वेगाचे कार्ड आणले तर त्याचा वेळ साडेबारा मिलिसेकंद होईल आणि सेकंदाला ८० चित्रे मिळतील. छान झाले. परंतु दुकानदार म्हणाला की आणखी काही हजार घाला, याच्याही दुप्पट वेगाचे कार्ड देतो, तर? कार्डाचा वेळ सव्वासहा मिलिसेकंद होईल. प्रोसेसरचा मात्र १२ च राहील. सेकंदाला सुमारे ८३ चित्रे. म्हणजे वरच्या सगळ्या पैशांचे तीन चित्रांत रूपांतर झाले. आणि समोरचा पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलणारा असेल तर त्या ८३ पैकी ६० च्या वर डोळ्यांपर्यंत पूर्णपणे पोहोचतच नाहीत. (स्पर्धेत खेळणारी मुले म्हणतील की तरीही बोटाला प्रतिसाद किंचित लवकर मिळतो. ते खरे आहे. पण तो किंचित किती हजारांचा, हेही त्यांनी सांगावे.)

कोण अडते आहे हे ओळखायला संगणक उघडावा लागत नाही आणि पैसाही लागत नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्रातील ठिपक्यांची संख्या बदलता येते. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० ठिपके. दुसऱ्यात रंगवायचे काम सव्वादोन पटींनी कमी. प्रोसेसरचा हिशेब मात्र जवळजवळ तेवढाच, कारण चित्र लहान केले म्हणून खेळाडू कमी होत नाहीत. तेव्हा खेळातील एकच जागा निवडा, दोन्ही मापांवर ती खेळून पाहा आणि सेकंदाला किती चित्रे येतात ते लिहून घ्या. संख्या भराभर वाढली तर कार्ड अडते आहे. ती जागची हलली नाही तर अडण दुसरीकडे, म्हणजे प्रोसेसरकडे किंवा रॅमकडे आहे. प्रयोगाआधी चित्रांची संख्या पडद्याच्या वेगाशी बांधून ठेवणारी सोय बंद करा, नाहीतर तुम्ही फक्त पडदा मोजाल.

येथे एका फसव्या आकड्याची सूचना दिली पाहिजे. संगणकाचा टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसर केवळ तीस टक्के कामात आहे असे दिसते आणि मुले निष्कर्ष काढतात की प्रोसेसर मोकळा आहे. आठ गाभ्यांच्या प्रोसेसरमध्ये एक गाभा घामाघूम झालेला आणि बाकीचे बसून, असे असेल तरी एकूण आकडा साडेबारा टक्क्यांच्या आसपासच दिसतो. खेळाचा मुख्य धागा बऱ्याच वेळा एकाच गाभ्यावर चालतो. सरासरी ही अशी लबाड असते. वर्गाची सरासरी उत्तम आणि एक मुलगा नापास, हे आम्ही दरवर्षी पाहतो. व्हॅलोरंटसारख्या साध्या चित्रांच्या, वेगवान खेळांत प्रोसेसर अडतो. मोठमोठी शहरे आणि जंगले दाखवणाऱ्या खेळांत बहुधा कार्ड. तेव्हा 'माझा संगणक' कुठे अडतो हा प्रश्नही अर्धवटच आहे. माझा संगणक कोणत्या खेळात अडतो, असे विचारले पाहिजे.

खेळ सुरू व्हायला लागणारा वेळ मात्र निराळ्या जातीचा असतो. तेथे कामे एकापाठोपाठ एक होतात आणि वेळांची बेरीज होते. समजा, सुरू व्हायला ६० सेकंद लागतात. त्यातील ४५ हार्ड डिस्कवरून मजकूर वाचण्यात आणि १५ प्रोसेसरच्या कामात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा बसवला तर ४५ अधिक साडेसात, म्हणजे साडेबावन्न सेकंद. हार्ड डिस्कऐवजी पाचपट वेगाची एसएसडी बसवली तर ९ अधिक १५, म्हणजे २४ सेकंद. कोणत्याही एका भागाचा वेग कितीही वाढवला तरी उरलेल्या भागांना लागणारा वेळ शिल्लक राहतोच. ही मर्यादा जीन अॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडली आणि ती आज त्याच्या नावाने ओळखली जाते. एसएसडीने खेळ लवकर सुरू होतो. सुरू झाल्यावर सेकंदाला येणारी चित्रे सहसा वाढत नाहीत. हे दुकानात कुणी सांगत नाही.

रॅमचे दुखणे आणखी वेगळे. रॅम म्हणजे अभ्यासाचे टेबल आणि डिस्क म्हणजे गावातले वाचनालय. टेबलावर पुस्तके मावतात तोवर टेबल मोठे असून उपयोग नाही. मावेनाशी झाली की मात्र प्रत्येक पानासाठी वाचनालयात पळावे लागते. रॅममधून एखादी नोंद मिळायला ढोबळ मानाने १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंद. भागाकार करा, एक लाख पट येईल. एसएसडी असली तरी हजारपट अंतर राहतेच. म्हणून रॅम भरली की खेळ सावकाश होत नाही, तो मधूनच थबकतो. तुमचा खेळ सारखा मंद आहे की अधूनमधून झटके खातो, एवढे नीट पाहिले तरी निदान बरेच पुढे जाते.

आणि ती एकच पट्टी! डीडीआर-४ जातीची ३२०० वेगाची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट मजकूर पोहोचवू शकते. तसल्याच दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की मदरबोर्ड दोन्ही वाटा एकदम वापरतो आणि मर्यादा ५१.२ वर जाते. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि चित्रे प्रोसेसरमधलाच भाग रंगवतो, तेथे या दुसऱ्या पट्टीने पडणारा फरक डोळ्यांना दिसतो. सगळ्यांत कमी नावाजलेला आणि पुष्कळदा सगळ्यांत कामाचा बदल मला हाच वाटतो.

अडणारी कडी शोधण्याचा हा विचार संगणकाबरोबर आला असे समजू नका. तो आपल्या कापसाइतका जुना आहे. इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ साली धावता धोटा काढला आणि विणकराचा हात वेगवान झाला. लगेच सुताचा तुटवडा पडला. १७६० नंतरच्या दशकात हारग्रीव्ह्जची एकाच वेळी अनेक चात्या फिरवणारी जेनी आली आणि तिच्या मागोमाग सूत काढणारी आणखी मोठी यंत्रे आली; मग सूत उदंड झाले आणि विणकर अपुरे पडू लागले. कार्टराइटने १७८५ मध्ये यंत्रमाग केला. आता कापूसच पुरेना, कारण सरकी हाताने काढायला वेळ लागे. १७९३ साली अमेरिकेत व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र केले. पुढे त्या यंत्रामुळे तेथे कापसाची लागवड वाढली आणि तिच्याबरोबर गुलामगिरीही वाढली. रांग अशी शेतापर्यंत मागे सरकत गेली आणि तेथे माणसे भरडली गेली, हेही या इतिहासात लिहिलेले आहे.

आपल्या वर्ध्याला तर हा विषय घरचा आहे. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या अटी मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहितो. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघाले पाहिजे. यंत्राची किंमत १५० रुपयांपेक्षा जास्त नसावी. ते खेड्यातील झोपडीत हातापायांनी चालवता यावे. नीट राखले तर वीस वर्षे टिकावे. आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. वेगाची अट एकच आहे, बाकीच्या सगळ्या त्या वेगाला वेसण घालणाऱ्या. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. मला स्वतःला ते अपयश वाटत नाही. वेग, किंमत, टिकाऊपणा आणि दुरुस्ती हे सगळे एकाच कागदावर लिहून मग यंत्र तपासायचे, ही शिस्त आजच्या किती संगणकखरेदीत दिसते?

पुढे तामिळनाडूतील एकांबरनाथ यांनी अंबर चरखा तयार केला आणि १९५० नंतरच्या दशकात त्याचा देशभर प्रसार झाला. त्याला चार चात्या होत्या. परंतु चार चात्या चालवायच्या तर कापूस एकसारखा पिंजलेला आणि एकसारखा ओढलेला हवा; हाताने वळलेला जाडाभरडा पेळू तेथे चालेना. म्हणून अंबरच्या संचात चरख्याबरोबर कापूस पिंजण्याचे साधन आणि पेळू ओढून सारखा करणारी बेलणीही आली. चाती सुधारली तशी मागची कडी सुधारावी लागली. ३० डिसेंबर १९३८ रोजी वर्ध्यात सुरू झालेल्या मगन संग्रहालयात शाळेची सहल गेली असेल तर तेथील चरख्यांपुढे मुलांना नुसते रांगेने चालवू नका. प्रत्येक चरख्यापाशी थांबून विचारा, येथे कोणती कडी बदलली आणि त्यामुळे पुढे कोणती अडली?

आता एक गोष्ट सांगतो जी पुण्यामुंबईच्या सल्ल्यात सापडणार नाही. ती म्हणजे आपले ऊन. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जातो. संगणकाचा प्रोसेसर किती तापतो याचे सूत्र अगदी साधे आहे: खोलीचे तापमान अधिक वॉट गुणिले थंडकाचा उष्णतारोध. (थंडक म्हणजे प्रोसेसरवर बसवलेले पंखे आणि पात्यांचे साधन. त्याला कूलर म्हणतात खरे, पण विदर्भात कूलर म्हटले की खिडकीतली खसाची टाकीच डोळ्यांपुढे येते, म्हणून हा निराळा शब्द.) समजा, प्रोसेसर १०० वॉट उष्णता टाकतो आणि थंडकाचा रोध दर वॉटला ०.६ अंश आहे. म्हणजे खोलीपेक्षा ६० अंशांची वाढ. खोली २८ अंशांवर असेल तर प्रोसेसर ८८ अंशांवर, ठीक चालले. खोली ४२ अंशांवर असेल तर १०२. बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० च्या आसपास असते. ती गाठली की तो स्वतःहून कमी वीज घेतो आणि वेग उतरवतो. पात्यांत धूळ आणि कापसाचे तंतू अडकून रोध ०.७ झाला असेल तर त्याला १०० वजा ४२ भागिले ०.७, म्हणजे सुमारे ८३ वॉटच वापरता येतील. आपण १०० वॉटचा प्रोसेसर विकत घेतला आणि ८३ वॉटचा वापरतो आहोत. वेग याच प्रमाणात पडत नाही, थोडा कमी पडतो, कारण वीज ही आवर्तनांबरोबरच व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणेही बदलते. तरी खेळ अडखळायला तेवढे पुरते.

तेव्हा जानेवारीत नीट चालणारा खेळ एप्रिल-मे महिन्यांत अडखळतो अशी तक्रार असेल तर भाग बदलण्याचा विचारही करू नका. संगणक बंद करून, वीज काढून, मऊ ब्रशने धूळ झाडा. भिंतीला चिकटलेले खोके वीतभर पुढे ओढा. संगणक कूलरच्या खोलीत हलवा, मात्र कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. त्या झोताबरोबर ओलावा येतो आणि टाकीतल्या खाऱ्या पाण्याचे तुषारही येतात. एवढ्याने जो वेग परत मिळतो त्याला एक रुपयाही लागत नाही, म्हणून त्याची जाहिरात कोणी करत नाही.

दुसरी गोष्ट विजेची. नवे कार्ड १७० वॉटचे, प्रोसेसर १००, बाकी सगळे मिळून ५०; एकूण ३२० वॉट. तयार संगणकातला एसएमपीएस अनेकदा याच्या आसपासच असतो, कधी कमीही. तो बदलावा लागेल, आणि काही तयार संगणकांत त्याचा आकार आणि जोडपट्टी अशी निराळी असते की बाजारातला साधा एसएमपीएस बसतच नाही. बरे, बसला. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून ३७६ वॉट ओढले जातील, वर पडद्याचे पंचवीसेक. घराघरांत असलेला ६०० व्हीएचा यूपीएस मात्र बहुधा ३६० वॉटच देऊ शकतो. व्हीए आणि वॉट यांतला फरक बारावीत आपण शक्तिगुणक म्हणून शिकतो, दोन गुणांसाठी पाठ करतो आणि विसरतो. उन्हाळ्यात लाइन गेली की तो यूपीएस किंचाळून बंद पडेल, आणि ज्या अपघातापासून वाचण्यासाठी तो घेतला तो अपघात नेमका घडेल. म्हणजे कार्डाची खरी किंमत कार्ड अधिक एसएमपीएस अधिक यूपीएस अशी मोजायला हवी. दुकानातून निघताना फक्त पहिलाच आकडा सांगितला जातो. कार्ड खोक्यात लांबीने मावते का, हे सुद्धा पट्टी लावून घरीच मोजावे.

माझे मत असे की वर्ध्यासारख्या ठिकाणी पहिला रुपया हवा आणि वीज यांवर, दुसरा रॅमवर, आणि मोजमापाने तसे दाखवले तरच कार्डावर खर्च व्हावा. तयार संगणकातला प्रोसेसर बदलण्याच्या भानगडीत तर सहसा पडूच नये. तो बदलायचा तर मदरबोर्डापर्यंत पोहोचावे लागते आणि मग जुने खोकेच काय ते शिल्लक राहते. काही जाणकार मला म्हणतील की आजकाल खेळ मुख्यतः कार्डावरच चालतात, तुम्ही उगाच वळसा घेता. नवे आणि जड खेळ खेळणाऱ्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे पुष्कळदा बरोबर निघेल. पण 'पुष्कळदा' हे दुकानदाराला पुरते, कारण त्याच्यापुढे शंभर गिऱ्हाइके असतात. बापापुढे एकच संगणक असतो आणि एकाच हंगामाचा कापूस. त्याच्या घरातली कडी कोणती, हे त्याच्याच संगणकावर मोजले पाहिजे. पिकाला पालाश कमी पडत असताना युरियाची आणखी एक गोणी टाकून काय होते हे त्याला कुणी शिकवायला नको. मुलाने कागदावर आकडे मांडून दाखवले तर हेही त्याला चटकन समजेल. आणि मोजल्यावर असेही निघू शकते की काहीच बदलायचे कारण नाही, खेळातील सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली आणली की काम भागते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या संगणककक्षात हे सगळे प्रयोग करता येतात. त्यासाठी महागडा खेळही लागत नाही, चित्रे हलवणारा कोणताही विनामूल्य चाचणी-कार्यक्रम चालेल. चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने एका संगणकावर खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान, रॅम किती भरली आहे आणि दोन वेगवेगळ्या ठिपकेसंख्यांवर सेकंदाला किती चित्रे येतात, हे दर पाच मिनिटांनी अर्धा तास लिहावे. पहिल्या दोन मिनिटांतले आकडे निराळे ठेवा. यंत्र अजून तापलेले नसते. शेवटी प्रत्येक गटाने एका वाक्यात लिहावे की आपल्या संगणकात कोणती कडी अडते आणि कशावरून. हा तक्ता एकदा डिसेंबरात करा आणि एकदा एप्रिलमध्ये, दुपारी दोनच्या सुमारास, कूलर न लावता. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून ज्या गटांचे उत्तर बदलले असेल त्यांनी ते का बदलले हे लिहून मासिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवावे.